पिशवीतले बोल्ट, गावोगावचे पियानो

प्रवासी संगीतकाराच्या सामानाकडे संगीताच्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. मैफलीच्या गवयाबरोबर गवसणीत घातलेली तंबोऱ्यांची जोडी जाते, आणि संगीत नाटकमंडळ्यांबरोबर ऑर्गन, तबले व पडद्यांचे गठ्ठे आगगाडीतून गावोगाव जात असत. परंतु हे सामान संगीताच्या चाकरीत असे, कारण चीज गळ्यात आधीच बसलेली असायची आणि ती पुण्यात गायिली काय किंवा बेळगावात गायिली काय, चीज म्हणून तीच राहत असे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत ज्याला ‘प्रयोगशील संगीत’ हे नाव मिळाले त्याने हे नाते उलटे केले. जॉन केज (१९१२-१९९२) या अमेरिकन संगीतकाराच्या मते जिचा परिणाम आधी सांगता येत नाही ती कृती प्रयोगशील होय. मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द नाटकाच्या खेळालाही लागतो आणि प्रयोगशाळेतल्या खटपटीलाही. केज यांच्या संगीताविषयी लिहिताना हे दोन्ही अर्थ एकदम घेता येतात, ही मराठीची मोठी सोय आहे. अशा संगीतात मुक्कामाचे ठिकाण, तेथील सभागृह, तेथील वाद्य आणि तेथील वीज यांना रचनेत वाटा मिळतो, आणि म्हणून दौरा हा रचनेच्या प्रचाराचा मार्ग न उरता रचनेचाच एक टप्पा ठरतो. या विधानाची कसोटी पाहण्यास १९६४ साली केज यांनी मर्स कनिंगहॅम नृत्यमंडळीबरोबर केलेल्या जागतिक दौऱ्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. शिवाय हा दौरा मुंबई आणि अहमदाबादेवरून गेल्यामुळे त्याचा एक धागा भारतात राहिला आहे.

या दौऱ्याचा आवाका मोठा होता. १९६४ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये सुरू होऊन तो नोव्हेंबरअखेर जपानमध्ये संपला. सुमारे सहा महिने, चौदा देश, तीसेक शहरे आणि सत्तरच्या आसपास प्रयोग असा त्याचा हिशेब सांगितला जातो. मंडळीचे प्रमुख नर्तक-रचनाकार मर्स कनिंगहॅम (१९१९-२००९) होते, संगीताची बाजू केज आणि पियानोवादक डेव्हिड ट्यूडर (१९२६-१९९६) या दोघांवर होती, आणि नेपथ्य, वेशभूषा व प्रकाशयोजना चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग पाहत होते. या मंडळीची स्थापना १९५३ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेज या छोट्या, बंडखोर वृत्तीच्या महाविद्यालयात झाली होती. मराठी वाचकाला ‘मंडळी’ या शब्दाने जी फिरती नाटक कंपनी आठवते तिच्याशी या लोकांचे साम्य वरवरचे नव्हते: पैसा तुटपुंजा, प्रवास अखंड, आणि प्रत्येकाला पडेल ते काम करावे लागे. १९५९ मध्ये केज यांनी इटलीच्या दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेत अळंब्यांविषयीच्या प्रश्नांची बिनचूक उत्तरे देऊन पन्नास लाख लिरा मिळवले होते. त्या पैशातून स्वतःसाठी पियानो आणि मंडळीसाठी फोक्सवॅगनची छोटी बस घेतली गेली, आणि नर्तक, दोन संगीतकार, नेपथ्यकार व सामान अशी सगळी वरात त्या बसमधून अमेरिकेतील महाविद्यालये पालथी घालत असे. कवकशास्त्राने नृत्यमंडळीला गाडी घेऊन दिल्याचे दुसरे उदाहरण नसावे.

या प्रवासाचे सांगीतिक स्वरूप समजण्यासाठी थोडे मागे जाऊन ‘सज्ज पियानो’ ही कल्पना पाहिली पाहिजे. १९४० च्या सुमारास सिअ‍ॅटलमधील कॉर्निश स्कूलमध्ये सिव्हिला फोर्ट या नर्तिकेच्या नृत्यासाठी केज यांना संगीत हवे होते. त्यांना तालवाद्यांचा ताफा वापरायचा होता, पण रंगमंचाशेजारी एका पियानोपुरतीच जागा होती. तेव्हा पियानोलाच तालवाद्यांचा ताफा बनवावा म्हणून त्यांनी तारांवर आधी एक धातूची थाळी ठेवून पाहिली, ती उड्या मारू लागली. मग खिळे अडकवून पाहिले, ते घसरले. शेवटी आटे असलेले स्क्रू आणि बोल्ट दोन तारांमध्ये घट्ट बसले. अशा रीतीने तारांमध्ये बोल्ट, रबराचे तुकडे, नट अशा वस्तू ठरावीक अंतरावर खोवून ज्याचा नाद बदलला आहे असा पियानो म्हणजे सज्ज पियानो. त्याची एक पट्टी दाबली तर घंटेसारखा, दुसरी दाबली तर लाकडावर टिचकी मारल्यासारखा, तिसरी दाबली तर दूरच्या ढोलासारखा आवाज येतो. १९४६ ते १९४८ या काळात रचलेल्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ या वीस तुकड्यांच्या मालिकेसाठी पंचेचाळीस स्वर असे सज्ज करावे लागतात, आणि कोणत्या तारेत कोणती वस्तू, तार थांबवणाऱ्या दाबपट्टीपासून (डॅम्परपासून) किती इंच अंतरावर बसवायची याचा तक्ता स्वरलिपीला जोडलेला असतो. ही मांडणी करायलाच दोन-तीन तास लागतात.

हा तक्ता घेऊन केज जेव्हा दुसऱ्या गावच्या पियानोसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना जे उमगले ते त्यांनी पुढे एका लेखात प्रांजळपणे नोंदवले आहे. सुरुवातीला प्रत्येक वस्तू नेमक्या जागी बसवून तो नाद कायमचा आपल्या ताब्यात ठेवण्याची त्यांची इच्छा होती. परंतु हे संगीत घराबाहेर पडून पियानोपियानोवर आणि वादकावादकाकडे फिरू लागले, तसे दोन वादक सारखे नसतात हे तर दिसलेच, पण दोन पियानोही सारखे नसतात हे ध्यानात आले. पियानो लहान असेल तर तार आखूड असते, मग तेवढ्याच इंचांवर बसवलेला तोच बोल्ट तारेचे वेगळेच विभाग पाडतो आणि घंटेच्या जागी ठणठणाट येतो. केज यांच्या पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज चिनी ग्रंथांत किंवा झेन बौद्ध मतात शोधण्याची प्रथा आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही. तथापि ‘अनिश्चितता’ या त्यांच्या तत्त्वाचा, म्हणजे रचनेचा शेवटचा आकार वादन होईपर्यंत ठरलेला नसतो या भूमिकेचा, पहिला धडा त्यांना दौऱ्यावरच्या परक्या पियानोंनी दिला, असे म्हणण्यास त्यांचाच पुरावा आहे. ग्रंथांनी त्या अनुभवाला नाव दिले.

भारतीय वाचकाला यात नवल वाटण्याचे तसे कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावणे हे वाद्य सज्ज करणेच आहे. दोरा केसभर पुढेमागे झाला तरी नादातला झणत्कार उमलतो किंवा मिटतो, आणि मिरजेच्या कारागिराने कितीही मन लावून जवारी काढलेली असली तरी मैफलीच्या गावची हवा दमट असेल तर गवयाला दोरा पुन्हा शोधावाच लागतो. पखवाजाचे उदाहरण तर आणखी नेमके आहे. पखवाजाच्या डाव्या, म्हणजे धुमाच्या पुडीवर वाजवण्यापूर्वी कणकेचा ओला गोळा थापतात. ती कणीक जितकी जाड आणि ओली तितका नाद खोल उतरतो, सुकू लागली की तो वर चढतो, म्हणून वादक मध्येच बोट पाण्यात बुडवून ती पुन्हा ओली करतो आणि कार्यक्रम संपल्यावर खरवडून टाकतो. पखवाज प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्याबरोबर कणीक जात नाही. ती ज्या गावी वादन असेल त्या गावच्या पिठापाण्याची असते. केज यांच्या पिशवीतला बोल्ट आणि पखवाजावरची कणीक यांत फरक इतकाच की आपल्याकडे या सज्जतेचे ध्येय ठरलेल्या स्वराला पोचणे हे असते, तर केज यांनी पुढे पुढे ते ध्येयच सोडून दिले आणि जो नाद येईल तो मान्य केला. फरक छोटा नाही, हेही कबूल केले पाहिजे. कारण सुरेल आणि बेसूर यांच्यातील भेद भारतीय संगीतात सोडता येत नाही.

पखवाजाचा उल्लेख येथे योगायोगाने आलेला नाही. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातील गीता साराभाई या पखवाज वाजवणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांपैकी एक होत. पाश्चात्त्य संगीताचा भारतीय संगीतावर होत असलेला परिणाम समजून घ्यावा, त्यासाठी ते संगीत आधी शिकावे, या हेतूने त्या १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या आणि केज यांच्याकडे शिकू लागल्या. केज यांनी शिकवण्याची फी घेतली नाही. त्याऐवजी गीताबेनांनी त्यांना भारतीय संगीत शिकवावे असा करार झाला, आणि काही महिने ही देवघेव चालली. संगीत कशासाठी, या केज यांच्या प्रश्नाला गीताबेनांनी आपल्या गुरूचे उत्तर सांगितले: मन शांत व निर्मळ करावे, म्हणजे दैवी प्रभाव ग्रहण करण्यास ते योग्य होते. परत निघताना त्यांनी केज यांना रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा ग्रंथ दिला. त्याच सुमारास केज आनंद कुमारस्वामी यांचे लेखन वाचत होते, आणि ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये त्यांनी भारतीय रससिद्धांतातील रस व त्या सर्वांचा शांतरसाकडे असलेला ओढा नादातून मांडण्याचा प्रयत्न केला. बोल्ट खोवलेल्या पियानोवर शृंगार, वीर, भयानक आणि शांत! भरताच्या टीकाकारांनी यावर काय भाष्य केले असते याची कल्पना करणे मनोरंजक आहे. परंतु तुकडे ऐकल्यावर हे नुसते अलंकारिक बोलणे नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

१९६४ पर्यंत केज बरेच पुढे गेले होते. १९५१ पासून त्यांनी ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथाच्या आधारे, नाणी उडवून येणाऱ्या चौसष्ट आकृत्यांवरून स्वर, कालमान आणि तीव्रता ठरवण्याची पद्धत अवलंबली होती. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या एका लाकडी, मागून उघड्या सभागृहात ट्यूडर यांनी पियानोसमोर बसून चार मिनिटे तेहेतीस सेकंद एकही स्वर वाजवला नव्हता, आणि त्या अवधीत जे काही ऐकू आले तीच रचना होती. कनिंगहॅम यांच्याशी झालेली वाटणीही तितकीच टोकाची होती: नृत्य आणि संगीत एकाच वेळी एकाच रंगमंचावर घडावे, दोघांची एकूण लांबी सारखी असावी, बाकी एकाने दुसऱ्याचे काही ऐकू नये. नर्तक तालमी शांततेत करीत, कनिंगहॅम हातात स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजत, आणि संगीत अनेकदा पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच कानांवर पडे. ढोलकीच्या तोड्यावर पाऊल पडते की नाही हे पाहणाऱ्या, किंवा कथकात तिहाई समेवर आली की मान हलवणाऱ्या प्रेक्षकाला ही व्यवस्था पोरकी वाटणे साहजिक आहे, कारण तिच्यात समच नाही. कनिंगहॅम यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की ठेक्याचा आधार काढून घेतल्यामुळे त्यांच्या नर्तकांना शरीराच्या आतली लय विलक्षण पक्की करावी लागली.

युरोपातील पहिला टप्पा गोंगाटाचा होता. पॅरिसमध्ये काही प्रेक्षकांनी टोमॅटो आणि अंडी फेकली. १८ जून रोजी व्हेनिसच्या फेनीचे या जुन्या, सोनेरी ऑपेरागृहात प्रयोग झाला. त्याच दिवसांत तेथील बिएनाले प्रदर्शनात राउशेनबर्ग यांना चित्रकलेचे मोठे पारितोषिक मिळाले आणि कालपर्यंत पेट्या उचलणारा नेपथ्यकार जगप्रसिद्ध झाला. पुढे एका मुलाखतीत त्यांनी ही मंडळी म्हणजे आपला सर्वांत मोठा कॅनव्हास असल्याचे म्हटले, आणि ते केज व कनिंगहॅम यांना चांगलेच झोंबले. २४ जूनला व्हिएन्नातील विसाव्या शतकाच्या कलेच्या संग्रहालयात नाट्यगृह नसल्याने मंडळीने निरनिराळ्या नृत्यांचे तुकडे जोडून एक अखंड प्रयोग केला. जागेच्या अडचणीतून निघालेला हा ‘इव्हेंट’ नावाचा प्रकार मंडळीने नंतर शेकडो वेळा केला. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन हॉल येथे ‘स्टोरी’ या नृत्यात राउशेनबर्ग आणि त्यांचे सहकारी चित्रकार अ‍ॅलेक्स हेय रंगमंचाच्या मागच्या बाजूला शांतपणे सदऱ्यांना इस्त्री करीत उभे राहिले, कारण या नृत्याचे नेपथ्य प्रत्येक गावी जे हाती लागेल त्यातून नव्याने करायचे असा नियम होता. (डार्टिंग्टनची संस्था उभारणारे लिओनार्ड एल्महर्स्ट हे रवींद्रनाथांबरोबर श्रीनिकेतनात काम केलेले गृहस्थ, तेव्हा भारताची सावली येथेही होतीच.) लंडनमध्ये मात्र चित्र पालटले. सॅडलर्स वेल्समधील प्रयोग इतके गाजले की मंडळीचा मुक्काम वाढवून ते फिनिक्स नाट्यगृहात पुढे चालू ठेवावे लागले, आणि न्यूयॉर्कच्या ज्या समीक्षकांनी या लोकांकडे दहा वर्षे पाठ फिरवली होती त्यांना लंडनच्या वर्तमानपत्रांतून त्यांची थोरवी कळली.

या दौऱ्यात ध्वनी नेमके कशाने निर्माण होत होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. केज यांच्या १९६० च्या ‘कार्ट्रिज म्युझिक’ या रचनेत रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला असलेली, जिच्यात सुई बसते ती छोटी डबी घेतात, सुई काढून त्या भोकात काडी, तार, पीस किंवा लहानशी स्प्रिंग खोवतात आणि ती हाताने छेडतात किंवा खरवडतात. डबीच्या आतील यंत्रणा ते सूक्ष्म कंपन विजेच्या स्पंदात बदलते, ध्वनिवर्धक त्याला शेकडो पटींनी मोठे करतो, आणि कानाला कधीच न ऐकू येणारी काडीची खरखर सभागृहभर डोंगर कोसळल्यासारखी घुमते. हेच काम स्पर्श-मायक्रोफोन करतो. तो हवेतून येणारा आवाज टिपत नाही, तर ज्या खुर्चीला, टेबलाला किंवा पियानोच्या तक्त्याला चिकटवला असेल तिचे कंपन सरळ उचलतो. असा मायक्रोफोन घेऊन फिरणाऱ्या माणसाला वाद्य बरोबर न्यावे लागत नाही. पोचलेल्या गावातील कोणतेही टेबल त्याचे वाद्य असते. अडचण येते ती विजेची. अमेरिकेतील वीज सेकंदाला साठ आवर्तनांची आहे, युरोपातील आणि भारतातील पन्नास आवर्तनांची. ज्या टेपरेकॉर्डरची मोटर विजेच्या आवर्तनांनुसार फिरते तो अमेरिकेतून आणून आपल्याकडे लावला तर टेप एक षष्ठांशाने हळू चालते आणि मध्य सप्तकातला षड्ज थेट मंद्र धैवतावर उतरतो. जपानमध्ये तर एकाच देशात ओसाका-कोबेच्या बाजूला साठ आणि टोकियोच्या बाजूला पन्नास आवर्तने आहेत, म्हणजे आगगाडीच्या एका प्रवासात स्वर बदलावा अशी व्यवस्था. अशा प्रवासात दाब बदलणारे ट्रान्सफॉर्मर, तारांची भेंडोळी आणि डाख देण्याची कांडी यांचे महत्त्व पियानोवादकाच्या बोटांइतकेच असते, आणि ट्यूडर यांची ओढ याच काळात पियानोकडून सर्किटांकडे वळत गेली, हे उगाच घडलेले नाही.

जागेचा रचनेतील वाटा केवळ भौतिक नव्हता, याचे उत्तम उदाहरण ‘विंटरब्रँच’ हे १९६४ चेच नृत्य होय. काळे कपडे घातलेले, डोळ्यांखाली काजळ फासलेले नर्तक जवळजवळ अंधारात पडतात, फरफटतात, उठतात. प्रकाश मध्येच चमकून प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येतो. आणि काही वेळ शांततेत गेल्यावर संगीतकार ला माँट यंग यांची ‘टू साउंड्स’ ही रचना सुरू होते, जिच्यात आरशावर घासलेल्या रक्षापात्राचा आणि गाँगवर घासलेल्या लाकडाचा असे दोनच कर्कश आवाज कमालीच्या मोठ्याने चालू राहतात. कनिंगहॅम यांनी नोंदवले आहे की स्वीडनमध्ये लोकांना यात वांशिक दंगली दिसल्या, जर्मनीत छळछावण्या, लंडनमध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालेली शहरे आणि टोकियोत अणुबॉम्ब. रचनाकाराने यांपैकी काहीच घातले नव्हते. प्रत्येक शहराने आपापली जखम त्यात आणून ठेवली. नृत्य व ध्वनी अर्थशून्य ठेवण्याच्या या धोरणाला अनेकांनी पळवाट म्हटले आहे, पण हा अनुभव पाहता त्या टीकेची धार बरीच बोथट होते.

मंडळी भारतात आली ती १९६४ च्या शरद ऋतूत, म्हणजे पंडित नेहरूंच्या निधनाला जेमतेम पाच महिने झाले असताना. आमंत्रणामागे आणि खर्चामागेही साराभाई कुटुंब होते. मुंबई, अहमदाबाद, दिल्ली आणि चंदीगड अशा चार शहरांत प्रयोग झाले. अमेरिकन सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यांच्या योजनेत या मंडळीला जागा नव्हती, चित्रकार मित्रांनी दिलेल्या चित्रांच्या विक्रीतून आणि खासगी देणग्यांतून पैसा उभा राहिला होता, तेव्हा एका भारतीय घराण्याने केलेली मदत ही केवळ पाहुणचाराची बाब नव्हती. चंदीगड आणि अहमदाबाद या दोन्ही शहरांवर तेव्हा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या काँक्रीटची ताजी मुद्रा होती, आणि साराभाई घराण्यातच विक्रम साराभाई थुंब्याहून रॉकेट सोडण्याच्या, तर गौतम आणि गिरा साराभाई राष्ट्रीय डिझाइन संस्था उभारण्याच्या कामात गुंतलेले होते. आधुनिकता या शब्दाला त्या घरात रोजच्या कामाचा अर्थ होता. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. ज्या केज यांना १९४६ मध्ये भारतीय विचाराने सावरले होते ते आता भारतात आले तेव्हा त्यांचे मन जपानकडे लागलेले होते, आणि स्वरसाधनेतून चित्तशुद्धी हा मार्ग त्यांनी मागे टाकला होता. कृतज्ञता होती, गीताबेनांशी स्नेह अखेरपर्यंत राहिला, पण शिष्य म्हणून येण्याची वेळ टळून गेली होती. भारतीय संगीतकारांनीही या पाहुण्यांकडे कुतूहलापलीकडे पाहिल्याचे फारसे दिसत नाही. भेट झाली, पण संवाद जुळायला आणखी पाच वर्षे जावी लागली.

बँकॉकमार्गे मंडळी जपानमध्ये पोचली. तेथे केज आणि ट्यूडर नवखे नव्हते. १९६२ मध्ये टोकियोच्या सोगेत्सु कलाकेंद्राने त्यांना बोलावले होते, आणि तरुण संगीतकार तोशी इचियानागी हे केज यांच्याकडे शिकून आलेले होते. ‘स्टोरी’ या नृत्याला त्यांचीच ‘सप्पोरो’ ही रचना होती. २८ नोव्हेंबरला सोगेत्सुच्या रंगमंचावर राउशेनबर्ग यांना जाहीर प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम होता. त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर न देता सोनेरी जपानी घडीच्या पडद्यावर टाकाऊ वस्तू चिकटवत काही तास काम केले आणि तेच उत्तर समजावे असे सुचवले. त्यानंतर ते मंडळीतून बाहेर पडले, त्यांच्याबरोबर काही नर्तकही गेले. सहा महिन्यांच्या प्रवासाने मंडळीला कीर्ती दिली, कर्ज दिले आणि फूट दिली. फिरत्या कंपन्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातील एकही गोष्ट नवीन वाटणार नाही.

भारतातील धाग्याचे पुढचे टोक ट्यूडर यांच्या हाती आहे. १९६९ मध्ये ते पुन्हा अहमदाबादला आले, यावेळी नर्तकांशिवाय, आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. त्याच्या केंद्रस्थानी अमेरिकेतून आणलेला मूग सिंथेसायझर होता. हे वाद्य म्हणजे सुटे विभाग असलेले एक कपाट: एक विभाग विजेची आंदोलने निर्माण करतो, दुसरा त्यांतील काही कंपने गाळून टाकतो, तिसरा आवाजाचा चढउतार ठरवतो, आणि कोणता विभाग कोणाला जोडायचा हे वादक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तशा आखूड तारांनी दर वेळी नव्याने ठरवतो. तारा उपटल्या की ते संगीत संपले. दुसऱ्या दिवशी नेमके तेच पुन्हा मिळेल याची खात्री नाही. पखवाजाच्या पुडीवरची कणीक खरवडून टाकण्यासारखाच हा प्रकार. ट्यूडर तेथे काही महिने राहिले. त्यांनी स्वतः त्या यंत्रातून ध्वनी काढून टेपवर घेतले, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यांच्या उपस्थितीत आणि ते गेल्यानंतरही तेथे काम केले. तेवीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या गीताबेन आता आपल्या गावात त्या यंत्रासमोर बसल्या होत्या, ही या साऱ्या प्रवासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना मानावी लागेल. १९६४ च्या सत्तर प्रयोगांनी जे भारतात रुजले नाही ते एका ठिकाणी मुक्काम करून, तारा जोडायला शिकवून ट्यूडर यांनी रुजवले, निदान काही वर्षांपुरते.

रोप वाढले मात्र नाही. १९७२ नंतर त्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रणे थांबतात. संगीताच्या भारतीय इतिहासग्रंथांनी या खोलीची दखल घेतली नाही. एकीकडे शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकांना ते संगीत वाटले नाही, आणि दुसरीकडे चित्रपटसृष्टीत सिंथेसायझर आला तो वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या गरजेपोटी. टेपा संस्थेच्या संग्रहात जवळजवळ अर्धे शतक पडून राहिल्या. लंडनस्थित कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या, त्यांवर २०२० मध्ये बीबीसीसाठी एक कार्यक्रम केला, आणि २०२३ मध्ये १९६९ ते १९७२ या काळातील निवडक ध्वनिमुद्रणे ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रकाशित झाली. त्या संग्रहात आय. एस. माथुर यांची मूगवर केलेली एक रचना आहे. तिचे शीर्षक आहे ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’.